कावळा, तात्या आणि देवाची देणगी

मागच्या महिन्यात तात्यांचं दहावं बाणगंगेला केलं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. सातवी पास. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, लाइन जॉबर होते. साचा म्हणजे माग बिघडला की बाकीचे उघडून बघायचे, तात्या आधी कान लावायचे. धोट्याच्या, म्हणजे मागात आडवा धागा नेणाऱ्या भागाच्या, आवाजावरून कुठे काय सैल झालंय ते सांगायचे. १९८२ च्या संपात गिरणी सुटली. मग शिलाई मशीन, मिक्सर, पंखा, चाळीत जे काही कुरकुरेल ते तात्यांकडे यायचं.

पिंड ठेवून पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. कठड्यावर पाच-सहा बसलेले, माना वाकड्या करून आमच्याकडे बघत. गुरुजींना पुढचं काम होतं, त्यांची नजर घड्याळावर. तेवढ्यात दादा, म्हणजे तात्यांचा मुलगा, म्हणाला, "बाबांचं डोकं म्हणजे देवाची देणगी रे. नाहीतर सातवी शिकलेल्या माणसाला हे येतं कुठून?" त्याचा पोरगा बीएस्सीला आहे. तो पटकन बोलला, "देवाची नाही पप्पा, उत्क्रांतीची." काकूंनी डोळे वटारले म्हणून तिथे थांबले, पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढे चार दिवस जुंपली होती. तिथे मी काही लिहिलं नाही. इथे लिहितो, कारण काकू फेसबुकवर नाहीत.

पोरगा बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण ग्रुपवर दादाच्या बाजूने जे मुद्दे आले त्यातला एक आपण सगळ्यांनीच ऐकलेला आहे: माकडाचा माणूस होताना पाहिला कुणी? जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला हेच बोलले होते. आपल्या पूर्वजांनी असं काही पाहिल्याचं लिहूनही ठेवलं नाही आणि सांगितलंही नाही, म्हणून डार्विन चूक. आता हे गृहस्थ आधी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही म्हणून फाइल बंद करायची ठरवली असती तर त्यांच्याच खात्याचं कसं चाललं असतं? ठसे असतात, रक्ताचे डाग असतात, डीएनए असतो. उत्क्रांतीचा खटलाही तसाच उभा आहे. आणि आजच्या माकडाचा माणूस झाला असं त्यात कुणी म्हणतही नाही. चिंपांझीची आणि आपली वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, पूर्वज एकच. चुलत घराणी म्हणा.

दुसरा मुद्दा, "एवढी परिपूर्ण रचना आपोआप कशी होईल?" याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, अक्कलदाढ. जबडा पिढ्यानपिढ्या आखूड होत गेला, दाढेला कुणी कळवलंच नाही. मी दोन काढून घेतल्यात. परिपूर्ण रचनेबद्दल माझ्याशी बोलू नका.

पण दादाचा स्वतःचा मुद्दा मला असा उडवून लावता येत नाही. तो विचारत होता, जिथे एवढ्या बुद्धीची गरजच नव्हती तिथे ती आली कशी? हा प्रश्न भल्याभल्यांना पडलेला आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गअभ्यासक चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला माणूस. मलाय द्वीपसमूहात कीटक आणि पक्षी गोळा करता करता त्याला नैसर्गिक निवडीची, म्हणजे जगायला सोयीचे गुण पिढ्यानपिढ्या टिकत जातात ही, कल्पना स्वतंत्रपणे सुचली. १८५८ साली त्याचा आणि डार्विनचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्रच वाचला गेला. आणि याच वॉलेसने १८६९ मध्ये लिहिलं की बाकी सगळं ठीक, पण माणसाचा मेंदू नैसर्गिक निवडीने होणं शक्य नाही, त्यामागे कुठलीतरी वरची बुद्धी असली पाहिजे. डार्विन आधीच धास्तावला होता. आपल्या दोघांच्या लेकराचा तुम्ही अगदीच जीव घेतला नसेल अशी आशा करतो, असं त्याने तो लेख वाचण्याआधीच वॉलेसला कळवलं होतं.

गंमत म्हणजे वॉलेसचं निरीक्षण अचूक होतं. तो जंगलातल्या लोकांबरोबर वर्षानुवर्षं राहिला होता. त्यांचा मेंदू युरोपातल्या विद्वानांच्या मेंदूपेक्षा फारसा कमी नाही, हे त्याने त्या काळात म्हटलं, जेव्हा लंडनमधल्या मोठमोठ्या लोकांना ते ऐकवत नव्हतं. चूक झाली ती पुढे. यांना गणित नाही, तत्त्वज्ञान नाही, मग एवढा मेंदू कशाला, असं त्याने विचारलं. जंगलात राहायला डोकं कमी लागतं हे त्याला सांगितलं कुणी?

मी कांदिवलीत राहतो. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या एका आरमारी अधिकाऱ्याला इथे अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली. त्यावरचा त्याचा निबंध १९३९ चा आहे. दगडाचं हत्यार म्हणजे दगडावर दगड आपटला आणि झालं, असं नाही. आधी ठोकून आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर दगड घ्यायचा, बद्द आला तर आत चीर आहे, टाकून द्यायचा. मग कुठल्या कोनात किती जोराने मारलं की कसला छिलका निघेल याचा अंदाज, आणि पुढचे चार घाव आधीच डोक्यात. हे वाचलं तेव्हा मला एकदम तात्या दिसले, साच्याला कान लावलेले.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्याजागी शरीराची २० टक्के ऊर्जा खातो. असला खादाड पाहुणा कामाशिवाय लाखो वर्षं कोण पोसेल? दगड, वाटा, मोसम, कोण आपलं आणि कोण दगा देईल, एवढ्या सगळ्यासाठी तो लागतच होता. लिपी पाच-सव्वापाच हजार वर्षांची. वाचण्यासाठी मेंदू घडलाच नाही, आधीचाच आपण वाचायला जुंपला. म्हणजे सातवी शिकलेल्या माणसाला हे येतं कुठून, हा प्रश्नच उलटा आहे. दहावी-बारावीचे मार्क हा त्या डोक्याचा अगदी अलीकडचा जोडधंदा.

(आणि "देणगी" शब्दाचा मला थोडा रागही आहे. तात्यांनी पंधरा वर्षं खात्यातला गोंगाट ऐकून कान तयार केला होता. त्याचं श्रेय गिरणीने दिलं नाही, निदान आपण तरी परस्पर देवाला देऊ नये.)

गायत्री मंत्रात सूर्याकडे बुद्धीला प्रेरणा मागतात, गणपतीकडे आपण बुद्धी मागतो, मीही मागतो. मागायला माझी हरकत नाही. माणसालाच ती खास मिळाली म्हणणं मात्र त्या कठड्यावरच्यांसमोर अवघड आहे. पक्ष्यांचा आणि आपला समान पूर्वज सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचा. कावळ्याचा मेंदू आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचा, तरी सिएटलमधल्या संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले तेव्हा त्या कावळ्यांनी ते चेहरे वर्षानुवर्षं लक्षात ठेवले. दिसला मुखवटा की कावकाव. त्यांचं डोकं वेगळ्या वाटेने घडलं.

शेवटी गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल त्यांची, बोला काहीतरी, आणि सगळे जरा मागे सरा." आम्ही दहा-बारा पावलं मागे गेलो. दादा हात जोडून म्हणाला, "बाबा, तुमची हत्यारांची पेटी भंगारात देणार नाही." लगेच एक कावळा खाली उतरला.

काकू रडायला लागल्या. आम्ही मागे सरलो म्हणून तो आला, असं पोरगा म्हणणार होता, तोंड उघडलंही होतं. मी त्याचा हात दाबला. दादाकडे जागा नाही, त्यामुळे पेटी सध्या माझ्या गॅलरीत आहे.