खुलासा : ‘5 टक्के दान, 95 टक्के खिशात’ हा मेसेज चुकीचा आहे

अमेरिकेतली मोठी खासगी फाउंडेशनं (म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या, कुटुंबाच्या किंवा कंपनीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या धर्मादाय संस्था) दरवर्षी फक्त 5 टक्के पैसा वाटतात आणि 95 टक्के संस्थापकांच्या खिशात जातो, असा मेसेज गोल आलेखासह फिरतोय. तो मीही पुढे पाठवला होता. चूक माझी, म्हणून हे लिहितोय.

5 हा आकडा खरा आहे, अर्थ मात्र वेगळा. तिथल्या कायद्यानुसार खासगी फाउंडेशनने गुंतवलेल्या मालमत्तेच्या साधारण 5 टक्के रक्कम दरवर्षी धर्मादाय कामावर खर्च करावीच लागते. ही किमान अट आहे, कमाल नाही. तिची मुळं 1969 च्या करसुधारणेत आहेत. उरलेलं मुद्दल गुंतलेलं राहतं आणि त्यातूनच पुढच्या वर्षांची अनुदानं निघतात. संस्थापकाने ते स्वतःसाठी काढून घेणं बेकायदा आहे. (कार्यालयीन खर्चही बऱ्याच अंशी या 5 टक्क्यांत धरता येतो. त्यावर टीका जरूर व्हावी, पण तो मुद्दा वेगळा.)

आता आलेख. वाटलेल्या पैशातला कोणत्या क्षेत्राला किती वाटा गेला, हे त्यात दाखवलंय, पण तेही जसंच्या तसं धरता येत नाही. शाळेतल्या मुलींच्या लसीकरणाचं अनुदान ‘शिक्षण’ की ‘आरोग्य’? वर्गीकरण करणाऱ्यागणिक उत्तर बदलतं. शिवाय पाच वर्षांचं अनुदान मंजुरीच्याच वर्षात मोजलं की त्या क्षेत्राचा वाटा उगाच फुगतो.

खात्री करायची तर त्या फाउंडेशनचं 990-पीएफ हे अमेरिकेच्या कर खात्याकडे दरवर्षी भरायचं विवरणपत्र पाहा. ते सर्वांसाठी खुलं असतं आणि कोणाला, किती, कशासाठी दिलं हे त्यात लिहिलेलं असतं. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल तर काढून टाका.