दप्तरं नकोत, तीन दिवसांची मजुरी द्या

दुपारपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आज सोलापुरात आमच्या पूर्व भागातल्या अभ्यासिकेत एका कंपनीची माणसं आली होती. चाळीस दप्तरं, प्रत्येकावर कंपनीचं नाव, मागं बॅनर, आणि फोटोसाठी पोरं दोन तास उन्हात. मी म्हणलं सर, दप्तरं आहेत हो, मंडळाची आहेत, पुढाऱ्यांची आहेत, एकेकाकडं तीन तीन आहेत, इथं पोरांना शिकवणाऱ्या आमच्या एका ताईंना ट्रेनिंगला पाठवायचंय तेवढं बघा. तर म्हणे, मॅडम, ट्रेनिंग फोटोत दिसत नाही. अहो दिसत नाही म्हणजे काय?? २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करावेच लागतात, ते काय फोटोसाठी?

मला सारखा तो पोरगा आठवतोय. पाचवीतला, घरी तेलुगू, शाळा मराठी. अक्षर मोत्यासारखं. रोज पुस्तकातलं पान वहीत उतरवायचा आणि मी सहा महिने खाली "छान" लिहीत होते. मी! बी.ए. झालेली बाई!

मग आमच्या एक ताई तीन दिवस ट्रेनिंगला जाऊन आल्या. बारावी झालेल्या, सकाळभर विड्या वळतात, संध्याकाळी पोरांना शिकवतात. आल्या त्या दिवशी एकेका पोराला बाजूला बसवून बघितलं, आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग गोष्ट. दोन दोन मिनिटं फक्त. हा पोरगा "मगर" वर अडला. म म म करत बसला आणि मग खाली बघायला लागला. सहा महिने तो अक्षरं रांगोळीसारखी काढत होता, वाचत नव्हताच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे काही नवीन नाही. मुलांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेची माणसं किती वर्षं सांगतायत, इयत्ता बघू नका, पोरगं कुठं अडलंय ते बघा. पुण्यात 'पालकनीती' संस्थेचं खेळघर आहे, वस्तीतल्या पोरांबरोबर कसं काम करायचं ते तिथं बघायला मिळतं. स्टोरीवीव्हर वेबसाइटवर गोष्टी फुकट, मराठीही आणि तेलुगूही. अरविंद गुप्तांनी तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबवर विज्ञान शिकवून दाखवलं. साहित्यावाचून आमचं अडलेलं नाहीच!

अडतं कुठं, तर ताईंच्या मजुरीवर. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, ट्रेनिंगची फी नसते नाहीतर थोडी असते, पण हजार विड्यांमागं पैसे मिळतात आणि तीन दिवस पुण्यात राहिलं की तीन दिवसांच्या विड्या बुडाल्या, घरात सासू बोलते ते वेगळं. हा खर्च कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही. स्टेशनरीला रकाना आहे, बॅनरला आहे, बाईच्या बुडालेल्या मजुरीला नाही.

"हे शाळेचं काम, तुम्ही कशाला करता" असं म्हणणारे आहेतच. शाळेचंच आहे, मान्य. पण पोरगा आज पाचवीत आहे, शाळा सुधारेपर्यंत त्यानं थांबायचं का?

बरं, आता जरा शांत झाले. आलेली माणसं वाईट नव्हती, पोरांशी गोड बोलली, दप्तरंही दणकट आहेत. त्यांना कुणी सांगितलंच नसेल.

तो पोरगा आता हळूहळू वाचतो. जोडाक्षर आलं की अजून थांबतो, बोट ठेवतो, ओठातल्या ओठात फोडून बघतो. परवा धाकट्या बहिणीला घेऊन बसला होता, गोष्ट मराठीत वाचायचा आणि तिला तेलुगूत सांगायचा. ताई दारात पिशवी घेऊन तशाच उभ्या, आत यायचं विसरून.

दुसऱ्या ताईंना पुढच्या महिन्यात पाठवायचंय. तिकीट मी काढते. तीन दिवसांच्या विड्यांचे पैसे कोण देतंय ते इनबॉक्समध्ये सांगा, आणि कृपा करून दप्तरं पाठवू नका.