मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवून आजार टळत नाही

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात माझी मावशी एकटी राहते. मागच्या महिन्यात रात्री नाशिकहून तिच्या मुलीचा मला फोन आला, "ताई, सहा वेळा लावला, आई उचलतच नाहीये." मी भांडुपहून रिक्षा करून गेले. सव्वाअकराला मावशीनं झोपाळलेल्या डोळ्यांनी दार उघडलं. फोन कुठाय विचारलं, तर तिनं ओट्याखालचा पिठाचा रिकामा स्टीलचा डबा ओढला. आत पंच्यात गुंडाळलेला मोबाईल. म्हणाली, "त्या मेसेजमध्ये लिहिलंय ना, रात्री लहरी डोक्यात जातात म्हणून."

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. मोबाईलच्या लहरींनी मेंदूचा कॅन्सर होतो, स्क्रीनच्या निळ्या प्रकाशानं डोळे जातात, मान वाकवली की मणक्यावर 27 किलोंचा भार पडतो, इंटरनेटनं माणसं एकमेकांपासून तोडली. शेवटी 'दहा जणांना पाठवा'. माझ्याकडे तो आठवडाभरात तीन ग्रुपवरून आला. मला त्याची चीड येते. मावशीसारख्या बाईला तो नको तिथे घाबरवतो, आणि जपायला हवं त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आधी कॅन्सर. मोबाईलच्या लहरी रेडिओच्या जातीच्या आहेत. एक्स-रेसारखं पेशीतल्या डीएनएचे बंध तोडण्याइतकं बळ त्यांच्यात नसतं; साध्या ट्यूबलाईटच्या प्रकाशकणातही त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा असते. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा यादीत टाकलं, तेवढंच मेसेजवाल्यांनी उचललं. त्या यादीचा अर्थ 'पुरावा तोकडा आहे, तपासत राहा' एवढाच. आशियाई पद्धतीनं मुरवलेल्या भाज्याही त्याच यादीत आहेत. पुढे 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंच करवून घेतलेला मोठा आढावा आला. दहा वर्षांहून जास्त मोबाईल वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं त्यात दिसलं नाही. आणि डब्याचं म्हणाल, तर रेंज कमी मिळाली की टॉवर गाठायला फोन उलट जास्त जोर लावतो.

डोळ्यांबद्दल मेसेजनं गुन्हेगारच चुकीचा पकडलाय. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशानं दृष्टी गेल्याचा पुरावा नाही. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याच्या कितीतरी पट निळा प्रकाश डोळ्यांत जातो. डोळे चुरचुरतात ते पापण्या मिटायचं विसरल्यामुळे. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो, स्क्रीनसमोर ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. त्यासाठी निळा प्रकाश अडवणारा महागडा चष्मा नको. दर वीस मिनिटांनी नजर उचलून खिडकीबाहेर लांब बघितलं तरी डोळ्यांना आराम पडतो.

मुलांचा चष्मा मात्र खरी काळजीची गोष्ट आहे. सतत जवळचं बघणं आणि उन्हात न खेळणं यानं लहान वयात मायनस नंबर लागायचा धोका वाढतो. बाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांना तो कमी लागतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण आमच्या बिल्डिंगच्या आवारात मुलांनी खेळायचं कुठे? जिथे लगोरी चालायची तिथे गाड्या उभ्या आहेत. पोरांच्या हातातून मोबाईल काढून घेताना त्यांना जागा कुठली देणार, हेही कुणी फॉरवर्ड करावं.

27 किलोंचा आकडा 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका मणक्याच्या सर्जननं संगणकावर मांडलेल्या गणितातला आहे. खऱ्या माणसाच्या मानेवर तो मोजलेला नाही. मान दुखते ती तासन् तास एकाच स्थितीत राहिल्यानं, मग समोर मोबाईल असो की निवडायची मेथी.

आता माणसं तुटल्याचा आरोप. मला सगळ्यात जास्त लागतो तो हाच.

गिरगावातल्या चाळींमधली मराठी कुटुंबं बोरिवली, दहिसर, डोंबिवलीला जायला लागली तेव्हा इंटरनेट कुठे होतं? सामान्य लोकांसाठी ते आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 ला आलं. मावशीचं माहेरही गिरगावातलं. तिथली माणसं पांगली ती जागेच्या भावानं, आणि लोकलच्या दीड-दीड तासांनी उरलासुरला वेळ खाल्ला. आज तिच्या गॅलरीतल्या मैत्रिणी तिला भेटतात त्या फोनवरच.

'इंटरनेटनं एकटेपणा वाढतो' या समजामागे एक खरा अभ्यास आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या 73 घरांतल्या 169 जणांना नव्यानं इंटरनेट मिळालं, आणि वर्ष-दोन वर्षांत त्यांच्यात एकटेपणा नि उदासी किंचित वाढलेली दिसली. 1998 मध्ये तो निष्कर्ष जगभर गाजला. त्याच संशोधकांनी त्याच लोकांना पुढे पुन्हा गाठलं, तेव्हा ते दुष्परिणाम बहुतेक ओसरले होते. हे 2002 मध्ये छापून आलं, पण ते कुणी दहा जणांना पाठवलं नाही. त्यांच्या दुसऱ्या एका गटात असं दिसलं की मुळात मिसळणाऱ्यांना इंटरनेटचा फायदा झाला, बुजऱ्या माणसांचा एकटेपणा वाढला. म्हणजे घरात गप्प बसणाऱ्या पोराकडे लक्ष द्यायला हवंच.

पण माणसं तुटलेली नाहीत, हे मुंबईला तर शिकवायलाच नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं. 29 ऑगस्ट 2017 ला पुन्हा शहर बुडालं, तेव्हा कुठल्या घरात, कुठल्या मंडळाच्या मांडवात निवारा आहे, हे अडकलेल्यांना हातातल्या फोनवर दिसत होतं.

मेसेजनं सांगायला हवं होतं ते झोपेबद्दल. अंथरुणात पडून रील बघत बारा वाजवायचे, पाचला पाण्यासाठी उठायचं, आणि ही उणी झोप वर्षानुवर्षं चालली की रक्तदाब, साखर मागे लागते. तसंच बसून राहण्याचं. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं भरभर चालणं तरी हवं.

मावशीला मी त्या रात्री एवढंच सांगितलं. आता तिचा फोन दहा वाजता हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार्जिंगला लागतो, रिंगचा आवाज पूर्ण वाढवून. सकाळी नाशिकची नात शाळेत जायच्या आधी व्हिडिओ कॉलवर आजीला वेण्या दाखवते. डब्यात परत पीठ भरलंय.