आधी काटा, मग प्रेस: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरी रायफलची काडतुसं भरायला, म्हणजे उडालेल्या पितळी पुंगळ्यांत नवा प्रायमर (पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी बसवायला, कोणती साधनं घ्यावीत, या माझ्या लेखावर तुम्ही परखड आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होत नाही. तुमचे आक्षेप असे: सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच काम करणारं भरणीचं हातयंत्र) घ्यायला सांगून मी नवख्यांचा वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवतो, सुरुवातच प्रोग्रेसिव्ह प्रेसने (एका ओढीत सगळे टप्पे करणाऱ्या यंत्राने) करावी. इलेक्ट्रॉनिक काटा असताना दांडीचा तराजू कशाला? आणि इतका खटाटोप करूनही पैसे वाचत नाहीत ते नाहीतच. शेवटी तुम्ही पुण्यातल्या भाच्यासाठी हे साहित्य नेण्याचा विषय काढलात. त्यावरही लिहिलंय, ते मात्र कृपया नक्की वाचा.

तुम्ही पिस्तुलाच्या मॅच खेळता आणि वर्षानुवर्षं ९ एमएम भरता, असं तुम्हीच लिहिलंय. त्या कामाला प्रोग्रेसिव्हसारखं दुसरं यंत्र नाही, हे मलाही मान्य. ९ एमएमची पुंगळी जवळजवळ सरळ नळकांडी असते, कार्बाइडच्या डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) वंगणाशिवाय जाते, छाटायची सहसा गरज पडत नाही. एकदा हँडल ओढलं की प्रत्येक टप्प्यावर एकेक काम होतं आणि तयार काडतूस डब्यात पडतं.

रायफलच्या पुंगळीला तोंडाशी अरुंद गळा आणि त्याखाली उतरता खांदा असतो. ती डायमध्ये घालण्याआधी वंगण लावावंच लागतं, नाहीतर ती डायमध्ये अशी रुतते की ड्रिल मारून, स्क्रू घालून ओढून काढावी लागते. आकार दिला की ती लांबते, मग मोजायची, लागली तर छाटायची, कडा साफ करायच्या, वंगण पुसायचं. हे सगळं आकार देणं आणि पावडर भरणं यांच्या मध्ये येतं. म्हणजे प्रोग्रेसिव्ह असला तरी काम मध्येच तोडून पुंगळ्या उतरवायच्या आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा चढवायच्या. वेगाचा फायदा तिथेच निम्मा होतो. छाटणीचं यंत्र प्रेसवरच बसवून हा खंड कमी करणारे लोक आहेत, पण ते महिन्याला हजारोंनी .२२३ ची रायफल काडतुसं भरतात. माझा लेख त्यांच्यासाठी नव्हता. बोल्ट अॅक्शन (दर बारानंतर हाताने बोल्ट ओढायची) रायफल घेऊन शनिवारी रेंजवर जाणाऱ्या, पहिल्यांदाच हात घालणाऱ्या माणसासाठी तो होता.

पावडरचंही तसंच. प्रोग्रेसिव्हवरचं माप आकारमानावर चालतं. बारीक गोलसर दाण्यांची पावडर त्यातून पाण्यासारखी उतरते. पण अचूक नेमबाजीसाठी लोक ज्या हौसेने घेतात, त्या व्हारगेट किंवा एच ४३५० सारख्या पावडरींचे दाणे काडीसारखे लांबट असतात. ते मापाच्या तोंडाशी एकमेकांत अडकतात. एका पुंगळीत कमी पडतं, पुढच्या पुंगळीत अडकलेलं सुटून जास्त. नवख्याला हँडलमधली ती हलकी करकर जाणवत नाही, कारण त्याचं लक्ष एकाच वेळी चार-पाच टप्प्यांवर वाटलेलं असतं. सिंगल स्टेजवर डाय एकच आणि काम एकच. आकार देताना किती जोर लागतो, प्रायमर बसताना बोटाला काय कळतं, हे हाताला त्यावरच नीट शिकता येतं. आणि तो प्रेस पुढे वाया जात नाही. प्रोग्रेसिव्ह घेतलेले बरेच जण वेगळी लहानसहान कामं त्यावरच करत राहतात. डायचे आटे सात अष्टमांश इंच, इंचाला चौदा, हे इतकं रुळलेलं माप आहे की आरसीबीएस कंपनीच्या प्रेसवर रेडिंग कंपनीची डाय बिनदिक्कत बसते.

आता काटा. हा मुद्दा मी सोडणार नाही. ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. आपले काटे ०.१ ग्रेनपर्यंत दाखवतात, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. एवढ्या बारीक वजनाला एसीचा झोत पुरतो, हिवाळ्यात हीटर चालू झाला तरी आकडा सरकतो. आमच्या कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या पळीवर स्थिर विद्युत साठते, तीही काट्याला नडते. इलेक्ट्रॉनिक काट्याबरोबर बहुधा ५० ग्रॅमचं प्रमाण वजन मिळतं. ५० ग्रॅम म्हणजे जवळपास ७७२ ग्रेन. रायफलमध्ये आपण भरतो चाळीसच्या आसपास. म्हणजे ७७२ ला काटा बरोबर आहे, एवढ्या भरवशावर आपण चाळीसचं वजन खरं मानून चालतो. म्हणून मी दहा, वीस, चाळीस ग्रेनची छोटी चेक वेट्स घ्यायला सांगतो. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चाळीसचं वजन ठेवून बघायचं. आकडा हलला असेल, तर मागच्या तपासणीनंतर भरलेलं सगळं परत तोलायचं. दांडीचा तराजू मी सांगितला तो याच फेरतपासणीसाठी. त्याला वीज लागत नाही आणि तो तापून भरकटत नाही. तुमचा इलेक्ट्रॉनिक काटा चांगला असेल आणि चेक वेट्स हाताशी असतील, तर तराजूवाचून अडणार नाही. चेक वेट्सशिवाय मात्र भरू नका.

कॅलिपर आणि खांदा मोजायचा कंपॅरेटर यांना तुम्ही चैन म्हटलंत. इथे माझा तुमच्याशी पूर्ण मतभेद आहे. बार झाल्यावर पुंगळी चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) आकाराला फुगते. आकार देताना तिचा खांदा बोल्ट रायफलसाठी साधारण दोन थाऊ, म्हणजे ०.००२ इंच मागे ढकलला की पुरे. 'डाय शेल होल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत खाली घ्या, मग आणखी थोडी खाली फिरवा' या सूचनेने तो दोनऐवजी आठ-दहा थाऊही मागे जातो. मग दर बाराला पितळ पुढे ताणतं आणि बुडाच्या जरा वर, आतून, भिंत पातळ होत जाते. बाहेरून बराच काळ काही दिसत नाही. एक पेपरक्लिप सरळ करा, टोक काटकोनात वाकवून कानशीने टोकदार करा आणि पुंगळीच्या आत तळापासून वर भिंतीला लावून ओढा. चांगल्या पुंगळीत टोक सरळ वर सरकतं. ताणलेल्या पुंगळीत ते एका बारीक खाचेत पडतं, बोटाला स्पष्ट कळतं. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसू लागलं असेल, तर ती पुंगळी थेट भंगारात टाका. पुढच्या बाराला तिचं बूड वेगळं होऊ शकतं आणि तापलेला वायू बोल्टमधून चेहऱ्याकडे येतो. हे टाळणारं साधन प्रोग्रेसिव्हच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ आहे. लांबीचंही तेच. ६.५ क्रीडमूर या रायफल काडतुसाची पुंगळी १.९२० इंचाच्या पुढे जाता कामा नये. गेली तर तोंड चेंबरच्या टोकाशी दाबलं जातं, गोळी सुटायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

पैशांबद्दल तुमचं अर्धं म्हणणं खरं आहे. सरावाच्या स्वस्त .२२३ साठी मी कुणालाही भरायला सांगणार नाही, दुकानातून आणावीत. मॅच दर्जाच्या काडतुसांचं गणित वेगळं, कारण सर्वांत महाग घटक पितळ आणि तेच पुन्हा पुन्हा वापरता येतं. शिवाय कोविडनंतर प्रायमर मिळेनासे झाले होते, ते दिवस तुम्हीही पाहिलेत. ज्यांच्याकडे साठा होता, त्यांचाच सराव चालू राहिला.

आता भाचा. 'त्याच्यासाठी ली कंपनीचा स्वस्त भरणीचा किट भारतात येताना बॅगेत टाकेन' असं तुम्ही लिहिलंय. कळकळीने सांगतो, तसं करू नका. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला संघराज्य पातळीवर परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायलाच परवाना हवा आणि त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. पावडर आणि प्रायमर दूर राहिले, नुसता प्रेसही त्या पोराला अडचणीत आणू शकतो. तो क्लबमध्ये नेमबाजी शिकत असेल, तर बहुधा एअर रायफल किंवा .२२ वर. .२२ रिमफायर आहे, तिचं स्फोटक पुंगळीच्या कडेत असतं, त्यामुळे ती पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, तो प्रकारही .२२ चाच. भाच्याला काही द्यायचंच असेल, तर नेमबाजीचे चांगले बूट किंवा जॅकेट द्या. त्याच्या प्रशिक्षकांना विचारून माप घ्या.

तुम्ही आता .२२३ प्रोग्रेसिव्हवर भरायला घेतलंय म्हणता. मग दोन गोष्टी नक्की करा. लांबट दाण्यांऐवजी गोल दाण्यांची पावडर वापरा, अर्थात त्याच पावडरीच्या छापील डेटाप्रमाणे आणि सुरुवातीच्या वजनापासून. आणि दर दहा-पंधरा काडतुसांमागे एका पुंगळीतली पावडर काढून तोलून बघा. खांदा किती थाऊ मागे जातोय ते मोजलंत तर आकडा इथेच लिहा. अर्धस्वयंचलित रायफलला तीन-चार थाऊ लागतात, त्यामुळे तुमच्या आकड्याची बोल्टच्या आकड्याशी तुलना करू नका.