कॉलेज फुटबॉल पैशानं नासलं म्हणे!

अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल (अंडाकृती चेंडूचं, मेस्सीवालं नव्हे) खेळाडूंना पैसे मिळायला लागल्यापासून बरबाद झालं, असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. आपल्याकडे कुणाला त्याचं काय पडलंय, म्हणून मी सोडून दिला होता. पण तो नाशिकच्या माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचला. तिची लेक इंडियानात ब्लूमिंग्टनला शिकते. रात्री झोपायच्या वेळेला फोन. "आमच्या पोरीची फी त्या फुटबॉलवाल्यांच्या पगारात जाते का रे? कर्ज काढलंय आम्ही." आता गप्प कसं बसायचं?

आधी तिचाच मुद्दा. मेसेज म्हणतो, विद्यार्थ्यांच्या फीमधून एकेका खेळाडूला कोट्यवधी वाटतात. मोठ्या कॉलेजांत खेळाचं खातं मुख्यतः टीव्हीचे हक्क, तिकिटं आणि देणगीदार यांच्यावर चालतं. कॉलेजांमधल्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था एनसीएए, तिच्यावर खेळाडूंनी केलेल्या 'हाऊस' खटल्यातल्या तडजोडीनंतर 1 जुलै 2025 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, तीही अख्ख्या कॉलेजला, सगळे खेळ धरून. यात अर्धसत्य आहे, तेही कबूल करून टाकतो. क्लेमसननं विद्यार्थ्यांवर सत्रामागे 150 डॉलरची क्रीडा फी बसवली, टेनेसीनं फुटबॉलच्या तिकिटांवर 10 टक्के 'टॅलेंट फी' लावली. आणि लहान कॉलेजं खेळाची फी घेतात ती या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून. तेव्हा फीची पावती ओळ न ओळ वाच, एवढंच बहिणीला सांगितलं.

आता ज्या वाक्यानं माझं डोकं फिरलं ते. म्हणे, पूर्वी पोरं फक्त कॉलेजच्या प्रेमापोटी खेळायची, पैशाचा वाराही लागला नव्हता.

अरे, कुठल्या काळात? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा जून 2021 मधला 'एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन' हा निकाल उघडून बघा. नऊ विरुद्ध शून्य. त्यात न्यायमूर्ती गॉर्सच यांनी या 'निर्मळ' खेळाचा इतिहासच मांडलाय. 1852 साली हार्वर्ड आणि येल यांच्यात होड्यांची शर्यत झाली, तिचा खर्च रेल्वेवाल्यांनी केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येलचा फुटबॉलपटू जेम्स होगन याला जेवण फुकट, फी माफ, क्यूबाची सहल, आपल्याच सामन्यांची स्कोअरकार्डं विकायचा मक्ता आणि वर एका तंबाखू कंपनीची सिगारेटची एजन्सी! 1940 च्या दशकातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका खेळाडूबद्दल तर म्हणायचे की, व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाताना पगार कमी करून घेणारा हा पहिलाच. हे सगळं न्यायालयाच्या निकालात छापलंय.

सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं प्रकरण माझ्या पिढीला तरी आठवायला हवं. देणगीदार खेळाडूंना गुपचूप पैसे पोचवत होते, म्हणून 1987 चा त्यांचा अख्खा हंगाम रद्द केला गेला. पैसे तेव्हाही होते. फरक इतकाच की तेव्हा ते पाकिटातून जायचे, आता करार होतो आणि त्यावर कर भरावा लागतो.

आणि वाटा कुणाला मिळत होता? त्याच निकालात आकडे आहेत: एनसीएएच्या अध्यक्षांना वर्षाला जवळपास 40 लाख डॉलर, वरच्या प्रशिक्षकांना 1 कोटी 10 लाखांच्या आसपास. टेक्सास ए अँड एमनं 2023 मध्ये जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा काम बंद करण्याबद्दल त्यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागलं. त्यावर कुठल्या काकांनी मेसेज फॉरवर्ड केला होता? वीस वर्षांच्या पोरानं जर्सीवरच्या आपल्या नावाचे पैसे मागितले की मात्र संस्कृती बुडते.

पुढचा मुद्दा, श्रीमंत कॉलेजंच सगळं जिंकणार. हा मेसेज इंडियानात शिकणाऱ्या मुलीच्या आईला यावा, ही गंमतच. फुटबॉलमध्ये हरण्यासाठीच प्रसिद्ध होतं हे कॉलेज. ते ज्या कॉलेजांच्या गटात खेळतं, त्या 'बिग टेन'चं विजेतेपद 1967 नंतर मिळालेलं नव्हतं. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले तेच आधीच्या कॉलेजचे बरेच खेळाडू सोबत घेऊन. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्नियाहून बदली घेऊन आला. जानेवारी 2026 मध्ये मायामीला हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेते झाले, एकही सामना न हरता. पैसा लागला का? लागलाच. पण जुन्या व्यवस्थेत त्यांना ही संधी कुणी दिली असती?

म्हणे चाहत्यांचं प्रेमही आटलं. 5 ऑक्टोबर 2024. व्हँडरबिल्टनं पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला 40-35 हरवलं. 1984 नंतर प्रथमच. क्वार्टरबॅक दिएगो पाव्हिया, आधी लष्करी ज्युनिअर कॉलेज, मग न्यू मेक्सिको स्टेट, मग इथे. लोकांनी गोलपोस्ट उखडला, खांद्यावर घेऊन नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवरून मिरवत नेला आणि कम्बरलँड नदीत टाकला. आपल्याकडच्या विसर्जन मिरवणुकीचाच थाट. विद्यापीठाला दंड झाला 1 लाख डॉलर. हा पोरगा आपल्याकडे कितवं कॉलेज बदलून आलाय, हे त्या गर्दीत कुणी विचारलं नसावं.

चाहत्यांची एक तक्रार मात्र खरी आहे. दर ऑगस्टला नवी नावं पाठ करायची, घेतलेली जर्सी वर्षात जुनी. नीको इआमालेआव्हा एप्रिल 2025 मध्ये ऐनवेळी टेनेसी सोडून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात गेला, तेव्हा लोक चिडले आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नियम हवेत, मुदती हव्यात, करार पाळायला लावणारं कुणीतरी हवं.

पण निष्ठेचं प्रवचन द्यायचंच, तर आधी कॉलेजांना द्या. टीव्हीच्या पैशासाठी यूसीएलए न्यू जर्सीतल्या रटगर्सच्या गटात गेलं आणि पॅसिफिकजवळचं स्टॅनफर्ड चक्क 'अटलांटिक कोस्ट'मध्ये. मग प्रशिक्षकांना द्या. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस मिसिसिपीचा 'ओल मिस' संघ प्लेऑफच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांच्या, उंबरठ्यावर होता आणि लेन किफिन संघ सोडून लुइझियाना स्टेटला निघून गेले. फेरिस स्टेटसारख्या दुय्यम श्रेणीच्या कॉलेजमधून त्याच वर्षी बदली घेऊन आलेला क्वार्टरबॅक ट्रिनिडॅड चॅम्ब्लिस थांबला, खेळला, आणि त्यानं जॉर्जियाला हरवून संघाला उपांत्य फेरीत नेलं.