उपराष्ट्राध्यक्षपदाची सोपी वाट

गेल्या आठवड्यात वारसनोंदीसाठी एका कार्यालयात चौथी खेप घातली, तेव्हा ‘लाच देणे व घेणे गुन्हा आहे’ या पाटीखालीच बसलेल्या गृहस्थांनी “पाकीट आणलंय ना?” असे विचारले. इतके कौशल्य असून माणूस टेबलापाशीच अडकलेला पाहून वाईट वाटले. अशा होतकरूंनी अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांचा कित्ता गिरवावा.

प्रथम वकील व्हा. कायदा कुठे वाकतो ते कळते.

मग बाल्टिमोर काउंटीचे (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचे) प्रमुखपद मिळवा आणि निविदेविना कामे मिळणाऱ्या अभियंत्यांकडून टक्केवारी सुरू करा. 1967 मध्ये मेरिलंडचे गव्हर्नर झाल्यावर वाटणीचा प्रश्न आला, तर निम्मे स्वतः ठेवून दोन साथीदारांना पाव-पाव द्यावे.

सुव्यवस्थेवर व्याख्याने देताना मात्र हात आखडता घेऊ नका. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर बाल्टिमोर पेटले, तेव्हा ॲग्न्यू यांनी कृष्णवर्णीय नेत्यांना बोलावून घेतले आणि त्यांनाच फैलावर घेतले. रस्त्यावर उतरून लोकांना शांत करणारेही त्यांत होते. बहुतेक जण उठून गेले. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार निक्सन यांना मात्र गडी पसंत पडला आणि तो उपराष्ट्राध्यक्ष झाला. पुढे टीकाकारांना नकाराची वटवट करणारे ‘नबाब’ म्हणून त्याने हिणवले (शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला), आणि देशाला कायद्याचे धडे देणाऱ्या याच माणसाला उपराष्ट्राध्यक्षाच्या कार्यालयातही रोख रकमेची पाकिटे पोचवल्याचे अभियंत्याने सरकारी वकिलांना सांगितले. दुसऱ्यांना शिस्त शिकवणाऱ्याच्या खिशात पाकीट सापडावे, याचे आता आश्चर्यही वाटत नाही, आणि संताप याचाच येतो!

पकडले गेलात, तर आरोपपत्र आले तरी राजीनामा देणार नाही, असे भर सभेत गरजा आणि 11 दिवसांनी द्या.

शिक्षेची धास्ती नको. 10 ऑक्टोबर 1973 रोजी करचुकवेगिरीचा एकच आरोप ‘लढवत नाही’ म्हटल्यावर 10,000 डॉलर दंड झाला, तुरुंग टळला. 1974 मध्ये वकिलीची सनद गेली. लाचेपोटी व्याजासह 2,48,735 डॉलर राज्याला भरण्याचा आदेश 1981 मध्ये झाला, तर भरलेल्या त्या रकमेवरही त्यांनी पुढे करसवलत मागून पाहिली. ती मिळाली नाही.

साहेब, आता सरळ बोलतो. माझ्या वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोपर टेकून तुम्ही पैसे मागितलेत. दरमहा पगार घेता तो कशाचा? चार खेपांत एक सही होत नाही? जनाची नाही, निदान मनाची तरी बाळगा. सोमवारी मी रिकाम्या हाताने येतो आहे. नोंद करून ठेवा.