पहिली रेस रस्त्यावरची नको, ट्रॅकवरची बघा

मोटार रेस बघायला जायचं ठरलं की आपल्याकडची पोरं पहिलं बघतात ते पोस्टरवरचे दिवे. शहराच्या मधोमध, रात्री, फ्लायओव्हरखालून सुसाटणाऱ्या गाड्या. दिसायला भारीच. पण नांदेड-परभणी-लातूरहून एवढ्या लांब जायचं असेल, तर पहिली रेस कायमच्या ट्रॅकवर बघावी असं माझं ठाम मत आहे. आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचा ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा.

रस्त्यावरच्या रेसला सरकार, पोलीस, कोर्ट आणि पाऊस या चौघांचं एकाच दिवशी जमावं लागतं. हैदराबादला ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागरच्या काठानं फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची रेस झाली. २०२४ ची रेसही फेब्रुवारीतच ठरली होती. मधे राज्यातलं सरकार बदललं आणि जेमतेम महिना उरला असताना रेस रद्द झाली. चेन्नईच्या रस्त्यांवरची रात्रीची रेस डिसेंबर २०२३ ला होती. मिचाँग चक्रीवादळानं शहर पाण्यात गेलं आणि ती थेट ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ ला झाली. तेव्हाही शनिवारी पावसानं ट्रॅकची तपासणी लांबली आणि वेळापत्रक कोलमडलं. रेसच्या तिकिटाचे पैसे एखाद्या वेळेस परत मिळतील, पण लॉजचे आणि घेतलेल्या रजेचे कोण देणार?

कायमचा ट्रॅक असला म्हणजे रेस होणारच, असंही नाही म्हणा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, देशातला सगळ्यात देखणा. तिथं फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली, पुढं कराच्या वादात अडकली. मोटोजीपी, म्हणजे बाइकची आंतरराष्ट्रीय रेस, २०२३ ला झाली, २०२४ ची झालीच नाही. पण या आंतरराष्ट्रीय रेसा, वर्षातून एकदाच येणाऱ्या. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा, १९९० पासूनचा, ३.७१७ किलोमीटरचा. तिथं राष्ट्रीय स्पर्धेच्या वर्षाला अनेक फेऱ्या होतात, मोटारींच्या वेगळ्या आणि बाइकच्या वेगळ्या. एक हुकली तर पुढची गाठता येते. हे गणित गावाकडून जाणाऱ्याला परवडतं.

आता जायचं कसं. धाराशिव-तुळजापूरकडच्यांनी सरळ सोलापूर गाठावं. मुंबई-चेन्नई मार्ग सोलापूरवरूनच जातो, गाडी बदलायची भानगड नाही. लातूर, उदगीर, परळीकडच्यांनी बिदरमार्गे हैदराबाद. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकरांना देवगिरी किंवा अजिंठा एक्सप्रेसनं हैदराबाद आणि तिथून संध्याकाळची चारमिनार, जी सकाळी चेन्नईत सोडते. इथं दोन ठिकाणी हमखास गडबड होते. एक, दोन गाड्यांमध्ये तास-दीड तासाचंच अंतर ठेवलेलं असतं. आपल्याकडचा मार्ग बराचसा अजून एकेरी आहे, क्रॉसिंगला गाडी थांबली की तासभर गेलाच समजा. दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरी थांबत नाही. किमान पाच तास ठेवा. दुसरी गडबड स्टेशनची. सिकंदराबाद, काचेगुडा, नामपल्ली आणि आता चर्लापल्ली, हैदराबादचं कुठलं स्टेशन ते तिकिटावर नीट वाचा. काही गाड्यांचं ठिकाण बदललेलं आहे आणि चर्लापल्ली शहराच्या पार एका टोकाला आहे. उतरायचं एका ठिकाणी, बसायचं दुसऱ्या ठिकाणी असं झालं की ते पाच तासही पुरत नाहीत.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. रेसची तारीख तेव्हा जाहीर झालेली असेल तर दोन्हीकडची तिकिटं त्याच दिवशी काढा. परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढू नका. अपघात झाला की लाल झेंडा दाखवून रेस थांबवतात, पाऊस आला की रेस थांबते आणि शेवटची रेस हमखास लांबते. सोमवारचं काढा. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर डब्यात चढता येत नाही. आरएसी असेल तर निदान बसायला जागा मिळते.

मुक्काम चेन्नईच्या मध्यात करायचा मोह सोडा. ट्रॅक शहरापासून चाळीसेक किलोमीटर पश्चिमेला, बेंगळुरू महामार्गालगत आहे, ह्युंदाईच्या कारखान्याच्या भागात. पूनमल्ली किंवा श्रीपेरुंबुदूरला लॉज बघा. पूनमल्लीहून श्रीपेरुंबुदूरकडं जाणाऱ्या बस त्याच वाटेनं जातात. कंडक्टरला हिंदीपेक्षा मोडकं इंग्रजी बरं कळतं, आणि 'इरुंगट्टुकोट्टई' कागदावर लिहून दाखवलं तर सगळ्यात बरं. संध्याकाळी परतताना तिथं रिक्षा-टॅक्सी सहज मिळत नाही, त्यामुळं जातानाच परतीची सोय बोलून ठेवा.

बसायचं कुठं, यावर लोक उगाच पैसे घालवतात. सरळ पट्ट्यासमोर बसलं की सुरुवात आणि शेवट दिसतो, पण मधे काहीच नाही. ताशी १८० च्या वेगानं गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, म्हणजे शंभर मीटरचा तुकडा दोन सेकंदांत खलास. ट्रॅकची एक फेरी दीड मिनिटाच्या वर, म्हणजे पुढचं दीड मिनिट रिकाम्या डांबराकडं बघायचं. जिथं लांब पट्टा संपतो आणि गाड्या ब्रेक मारून वळतात तिथं बसा. ओव्हरटेक तिथं होतात आणि चुकाही तिथंच. पुढचं चाक लॉक होऊन धूर निघाला की टायरचा तेवढा भाग घासून सपाट होतो, मग गाडी थरथरते आणि दोन-तीन फेऱ्यांत तो चालक मागं पडायला लागतो. बाइकवाला ब्रेक मारताना अंग कसं उचलतो, मागचं चाक कसं हवेत नाचतं, हे टीव्हीवर कळत नाही.

शनिवार सोडू नका. रेसला कोण पुढं उभं राहणार ते ठरवणारी पात्रता फेरी तेव्हा असते. कोण वळणाला उशिरा ब्रेक मारतो हे तेव्हा पाहिलं तर रविवारी कुणावर नजर ठेवायची ते कळतं. राष्ट्रीय फेरीत दिवसभर वेगवेगळ्या गटांच्या छोट्या छोट्या रेसा असतात. गाडी नंबर आणि चालकाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर दुपारी दोननंतर सगळं सारखंच दिसायला लागतं.

उन्हाचं म्हणाल तर ४२ डिग्री सोसणारी माणसं आपण, चेन्नईत काय व्हायचंय, असं समजू नका. आपलं ऊन कोरडं, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. तिथल्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो. २०२३ ला नोएडात मोटोजीपीच्या चालकांचीसुद्धा उकाड्यानं दैना झाली, रेस २४ ऐवजी २१ फेऱ्यांची केली होती. मीठ-साखरेचं पाणी घ्या, तहान लागायची वाट बघू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला पावसाळा, आपल्यासारखा जूनचा नाही, तेव्हा रेनकोट न्या. छत्री नको, मागच्याला काही दिसत नाही.

कानात कापूस घालून भागत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांनी वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, आत घालून अर्धा मिनिट दाबून धरायचा. फुगला की बसला. नुसता तोंडाशी खुपसला तर उपयोग शून्य. लहान पोरं सोबत असतील तर कानावर बसणारे मोठे मफ घ्या.

खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन दिवस टिकतात. भाकरी पहिल्याच संध्याकाळी कडक होते. फक्त डबा स्टीलचा न्यायचा की नाही ते रेसच्या तिकिटावरच्या नियमांत आधी बघून घ्या. मोठ्या रेसला गेटवर बाटली-डबा काढून ठेवायला लावतात आणि मग आत मिळेल ते, सांगतील त्या भावानं खावं लागतं.